झाड तोडणं आणि झाड पाडणं

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कालिदासाची ती दंतकथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे महाकवी झालेला हा माणूस तरुणपणी इतका भोळा होता म्हणे, की ज्या फांदीवर बसला होता तीच बुंध्याच्या बाजूनं तोडत होता. लहानपणी ही गोष्ट ऐकून आपण हसतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या वाडीत किंवा शहरातल्या सोसायटीत झाड तोडण्याचं काम चाललेलं असतं, तेव्हा जरा थांबून पाहा. पायात रबरी चप्पल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एका हातानं फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात सुरू असलेली चेन सॉ. खाली दोर ओढणारी चार माणसं, नेमकी झाड जिथं पडणार तिथंच उभी. आणि भोवती बघ्यांचं कडं. कालिदास निदान एकटाच पडला असता!

आज मी बोलणार आहे ते झाड सुरक्षितपणे आणि नेमकं कसं पाडतात याविषयी. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात कुऱ्हाड हातात धरलेली नसेल, पुढेही धरणार नाही. पण घरावर झुकलेला आंबा, वाळलेला गुलमोहर, तारांवर रेललेलं सुरूचं झाड काढायला माणसं बोलावण्याची वेळ अनेकांवर येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपला किनारा घासून गुजरातकडे गेलं. अशा वादळांनंतर ज्यानं कधी चेन सॉ हाताळलेली नाही, त्याच्याही हातात ती येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९८ साली जंगलकामातल्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आचारसंहिता प्रसिद्ध केली, कारण जगभर हे काम सर्वांत धोक्याच्या कामांत मोडतं. आपल्या परसात ते काम होत असताना काय बरोबर चाललं आहे आणि काय चूक, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगतो. झाड खरंच पाडायला हवं का, हा पहिला प्रश्न. पुष्कळदा एक-दोन जड फांद्या उतरवल्या की काम भागतं. आणि पाडायचंच असेल तर परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरणं आहेत. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्यात आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ अशी आपल्या नेहमीच्या ओळखीची झाडं येतात. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी आधी विचारावं लागतं. ते काम उरकलं असं धरून पुढे जाऊ.

‘झाड तोडणं’ आणि ‘झाड पाडणं’ या दोन शब्दांत फरक आहे. तोडायला ताकद पुरते. पाडण्यात मात्र ते कुठे पडणार, कधी पडणार आणि पडताना माणसं कुठे असणार, हे आधी ठरवावं लागतं. आणि त्याची सुरुवात हत्याराला हात लावण्यापूर्वी, नुसतं पाहण्यानं होते.

जाणकार माणूस आधी वर पाहतो. वाळलेल्या, मोडून अडकलेल्या फांद्या आहेत का? कुऱ्हाडीच्या घावांनी खोड हादरतं आणि अशी फांदी सुटून खालच्या माणसाच्या डोक्यावर येते. मोठा वेल शेजारच्या झाडात गुंतला आहे का? गुंतला असेल तर हे झाड पडताना त्याही झाडाला ओढणार. विजेची तार किती जवळ आहे? जवळ असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. मग तो बुंध्याशी येतो आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं खोडावर ठोकत फिरतो. भरीव आवाज आला तर ठीक. ढोलासारखा पोकळ आवाज आला तर आत कूज आहे. अशा झाडाला नेहमीचे नियम लागू पडत नाहीत, कारण ज्या लाकडाच्या भरवशावर झाड वळवायचं ते लाकूडच आत नसतं.

झाड कुठे झुकलं आहे, हे डोळ्याला वाटतं तसं नसतं. यासाठी गवंड्याचा ओळंबा फार उपयोगी. झाडापासून लांब उभं राहून ओळंबा डोळ्यासमोर धरायचा आणि त्याच्या दोरीशी खोडाची रेघ ताडून पाहायची. एकदा समोरून आणि एकदा काटकोनात बाजूला जाऊन. खोड सरळ असलं तरी फांद्यांचा भार एका बाजूला असू शकतो. घराच्या बाजूला भिंतीमुळे फांद्या वाढत नाहीत, त्या अंगणाकडे पसरतात. झाडाचा खरा तोल त्या भारानं ठरतो.

उंची मोजायची एक जुनी युक्ती आहे. आपल्या डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरायची. मग मागे मागे जायचं. जिथून मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलेलं दिसेल, तिथं थांबायचं. जमीन सपाट असेल तर तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची. या अंतराच्या दुपटीइतक्या परिघात काम करणाऱ्यांखेरीज कुणीही असता कामा नये. मुलं नकोत, गुरं नकोत, चहा घेऊन येणारं कुणीही नको.

आणि शेवटी पळवाट. झाड ज्या दिशेला पाडायचं तिच्या उलट बाजूला, तिरक्या रेषेत, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन वाटा आधी साफ करून ठेवायच्या. थेट मागे पळायचं नाही. पडताना खोडाचा बुंधा कधी कधी सरळ मागे उसळतो.

आता प्रत्यक्ष कापण्याकडे वळू. बहुतेकांची समजूत अशी, की एका बाजूनं कापत गेलं की झाड दुसऱ्या बाजूला पडतं. तसं केलं तर झाड मन मानेल तिकडे जातं. नेमकं पाडायचं तर तीन गोष्टी लागतात. समोरची खाच, मागचा काप आणि त्या दोहोंमध्ये मुद्दाम न कापता राखलेली लाकडाची पट्टी. या पट्टीला आपण बिजागरी म्हणू, कारण दाराची बिजागरी करते तेच काम ती करते. दार जसं बिजागरीभोवतीच फिरतं, तसं झाड या पट्टीभोवती फिरत खाली येतं. झाड पाडण्याची सगळी विद्या या न कापलेल्या लाकडात आहे.

उदाहरण घेऊ. ४० सेंटिमीटर जाडीचं, १३ मीटर उंचीचं झाड. ज्या दिशेला पाडायचं त्या बाजूला प्रथम खाच घ्यायची. तिची खोली जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे इथे आठ ते दहा सेंटिमीटर. वरून तिरका काप आणि खालून आडवा काप. दोन्ही काप आत एकाच रेषेत मिळाले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर बिजागरी आतून अर्धवट कापली जाते आणि ते बाहेरून दिसतही नाही. खाचेचं तोंड जिकडे, तिकडे झाड जातं. इथे पाच अंशांची चूक झाली, तर १३ मीटरवरचा शेंडा एक मीटरहून अधिक बाजूला पडतो. दहा अंश चुकले तर सव्वादोन मीटर. अंगणातलं तुळशीवृंदावन आणि शेजाऱ्याची पडवी यांत पुष्कळदा एवढंच अंतर असतं!

खाच किती उघडी ठेवायची, यालाही अर्थ आहे. झाड पडू लागलं की खाचेचे दोन ओठ मिटत येतात. ते एकमेकांना टेकले की बिजागरी तुटते आणि तिथून पुढे झाडावर कुणाचाच ताबा राहत नाही. खाच ४५ अंशांची असेल तर झाड अर्ध्या वाटेवर असतानाच असं होतं. ती ७० अंशांच्या आसपास उघडी ठेवली, तर झाड जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत बिजागरी त्याला धरून ठेवते.

मग मागचा काप. तो खाचेच्या आडव्या तळापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर, आडवा, खाचेच्या दिशेनं घेत जायचा आणि बिजागरी शिल्लक असतानाच थांबायचं. बिजागरीची जाडी खोडाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात चार सेंटिमीटर. ती सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला पातळ झाली तर ती बाजू आधी तुटते आणि झाड दुसऱ्या बाजूला गिरकी घेतं. हौशी माणूस हमखास चुकतो तो इथंच. झाड हलत नाही म्हणून तो आणखी कापत जातो आणि बिजागरीच कापून टाकतो.

झाड हलत नसेल तर त्याचा इलाज पाचर हा आहे. मागचा काप थोडा आत गेला, की त्यात लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. चेन सॉ वापरताना लोखंडी पाचर टाळतात, कारण साखळी तिला लागली तर दात जातात. पाचरीमुळे झाड मागे बसून करवत चिमटत नाही आणि हळूहळू पुढे कलतं. इतक्या छोट्या वस्तूत केवढी शक्ती असते पाहा. आपल्या उदाहरणात बिजागरीपासून खोडाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर २६ सेंटिमीटर भरतं. तिथं पाचरीनं झाड एकच सेंटिमीटर उचललं, तर १३ मीटरवरचा शेंडा अर्धा मीटर पुढे सरकतो. दहा माणसांनी दोर ओढून जे साधत नाही, ते घणाच्या चार ठोक्यांत होतं.

दोराचाही उपयोग आहे, पण रीत सांभाळून. दोर शक्य तितका उंच, झाडाच्या मधोमधच्या बराच वर बांधायचा. त्याची लांबी झाडाच्या उंचीच्या निदान दीडपट हवी, म्हणजे ओढणारे झाडाच्या आवाक्याबाहेर राहतील. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या एखाद्या भक्कम झाडाला कप्पी लावून दोर बाजूला वळवायचा आणि ओढणाऱ्यांनी बाजूलाच उभं राहायचं. दोर जीपला किंवा ट्रॅक्टरला बांधून हिसका देणं फार धोक्याचं. अर्धवट कापलेलं खोड त्या हिसक्यानं उभं चिरू शकतं.

हे चिरणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. झाड पडण्याच्याच दिशेला खूप झुकलेलं असलं तर मागचा काप पुरा होण्याआधीच वरचा भार ते खाली ओढू लागतो. बिजागरी अजून जाड असते, ती वाकत नाही. मग खोड उभं फाटतं, मागची अर्धी फळी माणसाच्या डोक्याच्या वर उसळते आणि सगळं वजन तिच्यावर येऊन कोसळतं. कापणारा नेमका तिच्यामागेच उभा असतो. म्हणून अशा झाडाला प्रशिक्षित कामगार वेगळी पद्धत वापरतो. खाच घेतल्यावर तो चेन सॉचं पातं बाजूनं खोडात आरपार घालतो, पुढे बिजागरी राखतो, मागच्या कडेला लाकडाचा एक पट्टा तसाच ठेवतो आणि सगळी तयारी झाल्यावर तो पट्टा शेवटी कापतो. हे काम नवशिक्याचं नाही. त्याचप्रमाणे घराकडे झुकलेलं झाड बुंध्यापासून पाडण्याच्या फंदात पडू नये. ते वरून तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकडा दोरानं बांधून उतरवायचं असतं.

नारळ आणि पोफळ यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या खोडाला आपल्या आंबा-फणसासारखं एकसंध लाकूड नसतं. बाहेरचा थर टणक आणि आतला गाभा मऊ, धाग्याधाग्यांचा. त्यामुळे बिजागरीचा भरवसा कमी. घरांच्या दाटीत नारळ काढायचा तर आधी शेंडा, मग वरून खाली खोडाचे तुकडे अशी रीत आहे, आणि ती वर चढण्यात मुरलेल्या माणसाचीच.

पाडलेलं झाड दुसऱ्या झाडात अडकलं तर? हा सर्वांत फसवा प्रसंग. झाड स्थिर दिसतं, पण ते केव्हाही येऊ शकतं. त्याच्याखाली जायचं नाही, त्यावर चढायचं नाही आणि ज्या झाडानं त्याला तोललं आहे ते तर मुळीच कापायचं नाही. लांबून दोर किंवा साखळी लावून त्याचा बुंधा मागे ओढून ते मोकळं करतात. ते होईपर्यंत जागा अडवून ठेवायची.

वादळात पडलेल्या झाडाचं काम उभ्या झाडापेक्षा सोपं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते अधिक अवघड. उन्मळलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो. खोड कापून वेगळं केलं, की वजन सुटल्यामुळे तो गड्डा एकदम मागे आपल्या खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात मुलं खेळताना मी पाहिली आहेत. दबलेल्या फांद्यांचंही तसंच. बांबू वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ताणाच्या बाजूनं एकदम खोल कापलं तर फांदी कापणाऱ्याच्या तोंडावर उसळते. म्हणून आधी दाबाच्या बाजूला थोडा काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूनं सावकाश पुरा करायचा, आणि स्वतः फांदी जिकडे उसळेल त्याच्या बाहेर उभं राहायचं.

आता चेन सॉविषयी थोडं. दात असलेली साखळी पट्टीभोवती फिरवण्याची कल्पना १८३० साली जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांच्या यंत्रात आली, आणि ते यंत्र होतं शस्त्रक्रियेत हाड कापण्याचं! ज्या यंत्रावर आज फणसाचा बुंधा कापतात, त्याच्या पूर्वजानं माणसाचं हाड कापलं आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. आजच्या यंत्राची साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगानं फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, की यंत्र क्षणात उलटं वर, चालवणाऱ्याच्या मानेकडे उसळतं. याच कारणानं ते दोन्ही हातांनी धरायचं, अंगठे मुठीला लपेटून. खांद्याच्या वर नेऊन कापायचं नाही, शिडीवरून तर नाहीच. पुढच्या मुठीसमोर एक आडवी दांडी असते, तो साखळीचा ब्रेक. काम सुरू करण्याआधी तो चालतो का, हे पाहायचं. साखळीला धार आहे का, हे भुशावरून कळतं. भुसा जाडसर, किसासारखा पडला तर धार ठीक. पिठासारखा पडू लागला तर साखळी बोथट आहे, आणि बोथट साखळीवर माणूस जोर लावतो.

अंगावरचं साहित्य हे शोभेचं नाही. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांना आवरण, पकड असलेले बूट आणि पायांना खास पँट. या पँटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. साध्या पँटला हे जमत नाही.

आता यातला आपला वाटा. आपल्याकडे झाड काढण्याचा सौदा पुष्कळदा असा होतो, की लाकूड तुम्ही न्या आणि झाड फुकट काढून द्या. घरमालकाला वाटतं, पैसे वाचले. पण तोडणाऱ्याचा फायदा मग केवळ घाईत असतो. आज दोन झाडं झाली पाहिजेत, तर ओळंबा कोण धरणार आणि पळवाटा कोण साफ करणार? हेल्मेटचे पैसे त्या सौद्यात कुठेच नसतात. काही झालं, तर ज्याचा पाय जातो त्याच्या घरात कमावणारा तोच असतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असं आपण म्हणतो. इथे स्वस्तातला सौदा माणसाचा काळ होतो.

म्हणून काम ठरवताना रोख मजुरी ठरवा आणि चारच प्रश्न विचारा. झाड कुठे पाडणार? पडताना तुम्ही कुठे जाणार? पाचरी आणि दोर कुठे आहेत? हेल्मेट आणलं आहे का? ज्याला काम येतं तो माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूष होऊन दाखवत बसतो. जो ‘साहेब, तुम्ही काळजीच करू नका’ एवढंच म्हणतो, त्याला चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा. वारा सुटला असेल किंवा पाऊस लागला असेल, तर काम उद्यावर टाकायला तुम्हीच सांगा. मजुराला तसं म्हणणं अवघड जातं, त्याचा दिवस बुडतो. तो दिवस भरून देण्याची तयारी ठेवा.

आणि काम संपल्यावर खुंटाकडे एकदा नजर टाका. पुढे स्वच्छ खाच, मागे आडवा काप आणि दोहोंमध्ये, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तुटलेल्या धाग्यांची सारख्या जाडीची एक खरखरीत पट्टी दिसली, तर समजा, हे झाड कुणीतरी नीट पाडलं आहे. त्या माणसाचा पत्ता जपून ठेवा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. पुढच्या पावसाळ्यात त्यांना तो लागेल.